इलेक्ट्रॉनिक वाद्यांची हौशी बांधणी

विद्युत् आंदोलनांपासून संगीतोपयोगी स्वर निर्माण करणारी वाद्ये कारखान्याबाहेर, घरी किंवा लहान कार्यशाळेत, बाजारात मिळणारे सुटे भाग जुळवून तयार करण्याच्या उद्योगास इलेक्ट्रॉनिक वाद्यांची हौशी बांधणी असे म्हणता येईल. स्वरसंश्लेषक (सिंथेसायझर), इलेक्ट्रॉनिक तंबोरा, श्रुतिपेटी, तालयंत्र, तसेच मूळ तंतुवाद्यास विद्युत् जोड देऊन केलेला बेंजो या सर्वांचा त्यात समावेश होतो. या बांधणीचा इतिहास मुख्यतः दोन गोष्टींनी घडविला आहे. कारागिराच्या हाती कोणते सुटे भाग पडले, ही पहिली गोष्ट होय. ते भाग मुळात कोणत्या स्वरसप्तकासाठी बनविलेले होते, ही दुसरी. महाराष्ट्रातील कारागिरांना या दोन्ही बाबतींत परक्या बाजारपेठेवर अवलंबून राहावे लागले आणि त्यांतूनच येथील प्रयत्नांना स्वतःचे वळण लागले.

पूर्वपीठिका : वाद्याचे भाग दूरवरून आणून ते आपल्या संगीतास जुळवून घेण्याची रीत इलेक्ट्रॉनिकीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे व सतारी बनविणारे मिरजेचे कारागीर भोपळे पंढरपूरच्या परिसरातून आणीत आले आहेत. तूण वृक्षाचे लाकूड व पोलादी तारा त्याहूनही लांबून येतात. हार्मोनियमच्या बाबतीत परावलंबन आणखी स्पष्ट होते. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता चालविण्याची पेटी प्रचारात आणली. रीड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिच्या पितळी पत्त्या मात्र दीर्घकाळ यूरोपातून येत. पुढे गुजरातेतील पालिताणा येथे त्या बनू लागल्या. पत्त्यांबरोबर यूरोपीय समविभागी सप्तकही आले. त्याविरुद्ध सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ई. क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुति-हार्मोनियमचा पुरस्कार केला. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमच्या साथीवर घातलेली बंदी १९७१ पासून अंशतः शिथिल झाली. यंत्र कोणाचे आणि स्वर कोणाचे, हा वाद इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आगमनापूर्वीच महाराष्ट्रात चांगला परिचित झालेला होता.

पाश्चात्त्य देशांतील आरंभ : अमेरिकेतील थॅडियस केहिल यांनी १८९७ मध्ये एकस्व घेतलेले टेलहार्मोनियम हे विद्युत् जनित्रांवर चालणारे वाद्य शेकडो टन वजनापर्यंत गेले, घरगुती बांधणीचा तेथे प्रश्नच नव्हता. इलेक्ट्रॉन नलिका उपलब्ध झाल्यावर रशियन शास्त्रज्ञ ल्येफ टेर्मेन यांनी १९२० च्या सुमारास हात न लावता वाजविण्याचे थेरेमिन हे वाद्य तयार केले. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने १९२९–३० मध्ये त्याचे सु. ५०० संच बनविले. रेडिओतीलच नलिका, वेटोळी व धारित्रे थेरेमिनमध्ये वापरलेली असल्याने रेडिओ जुळविणाऱ्या हौशी मंडळींना ते आवाक्यातले वाटले. रॉबर्ट मूग यांनी शाळकरी वयात थेरेमिन बांधले. १९५४ मध्ये एका अमेरिकन रेडिओ मासिकात त्यांनी त्याची रचना प्रसिद्ध केली आणि पुढे जुळणीसंचांच्या विक्रीतून आपला उद्योग उभा केला. १९६४ मधील त्यांचा स्वरसंश्लेषक हे याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय. १९७० नंतर इंग्लंड, नेदर्लंड्स, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील नियतकालिकांनी संपूर्ण स्वरसंश्लेषकांच्या रचना क्रमशः छापल्या. नेदर्लंड्समधील एलेक्टर या मासिकाने १९७७–७८ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘फॉर्मंट’ हा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. मात्र या सर्व लेखांच्या शेवटी दिलेली भागांची यादी त्या त्या देशातील दुकाने डोळ्यांसमोर ठेवून केलेली असे.

भारतातील आगमन : भारतीय श्रोत्यांनी इलेक्ट्रॉनिक वाद्याचा आवाज प्रथम व्यापक प्रमाणात ऐकला तो चित्रपटांतून. नागिन (१९५४) या चित्रपटातील पुंगीचा प्रसिद्ध आवाज कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हिओलिन या नलिकायुक्त वाद्यावर काढला होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग स्वरसंश्लेषकाचे ध्वनिकेंद्र उभारण्यात आले. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तेथे रचना केल्या. त्यांच्या ध्वनिफिती पुढे अनेक दशके विस्मृतीत गेल्या आणि त्यांतील निवडक भाग २०२३ मध्ये प्रकाशित झाला. मुंबईत केर्सी लॉर्ड यांनी १९७० नंतरच्या दशकात मूग वाद्य चित्रपटसंगीतात आणले. चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ व टीआर-८०८ ही तीन यंत्रे वापरून दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. त्या काळी तिला अल्प प्रतिसाद मिळाला. २०१० मधील पुनःप्रकाशनानंतर मात्र तिची जगभर दखल घेतली गेली. ही सर्व वाद्ये परदेशातून तयार आणलेली होती. परदेशप्रवास, ओळख किंवा संस्थेचे पाठबळ नसलेल्या वादकास ती मिळविणे दुरापास्त होते. त्याला मोकळा असलेला मार्ग म्हणजे सुट्या भागांतून काही बांधणे.

सुट्या भागांचे उत्पादन व आयात : बंगलोर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६० नंतर ट्रँझिस्टरांचे उत्पादन हाती घेतले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या कॉन्टिनेन्टल डिव्हाइस इंडिया या दिल्लीच्या कंपनीने सिलिकॉनचे अर्धसंवाहक बनविण्यास प्रारंभ केला. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालील इलेक्ट्रॉनिकी समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला, तर १९७० मध्ये केंद्र सरकारचा स्वतंत्र इलेक्ट्रॉनिकी विभाग अस्तित्वात आला. या प्रयत्नांमुळे रोधक, धारित्रे, डायोड आणि सामान्य ट्रँझिस्टर देशात सुलभ झाले. एसएल १०० व एसके १०० हे ट्रँझिस्टर तर महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून व हौशी मंडलांतून सर्रास आढळत. संगीतवाद्यांसाठी खास बनविलेली संकलित मंडले मात्र येथे बनत नसत. ती आयात-परवान्याच्या पद्धतीत बसवून आणणे किरकोळ ग्राहकास शक्य नव्हते; त्यामुळे ती दुकानदाराकडे योगायोगानेच आढळत आणि महागही पडत. १९९१ मधील आर्थिक सुधारणांनंतर आयात सैल झाली. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रविद्या करारात सामील झाला व त्यातील वस्तूंवरील जकात २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने रद्द झाली. अडचण नाहीशी झाली असे नव्हे; तिचे स्वरूप मात्र बदलले. पूर्वी भाग मिळत नसे. नंतर मिळालेला भाग अस्सल आहे की नाही, याची खातरजमा करण्याची वेळ आली.

बाजारपेठा : महाराष्ट्रातील सर्वांत मोठी बाजारपेठ मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आहे. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली याच व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. मराठवाड्याच्या दक्षिण भागाला हैदराबादच्या कोटी भागातील बाजारही जवळचा. दुकानांतील भाषा पाठ्यपुस्तकांतील भाषेहून वेगळी असते. तेथे रोधकास रेझिस्टन्स, धारित्रास कंडेन्सर व संकलित मंडलास आयसी म्हणतात. पूर्वछिद्रित तांब्याच्या ठिपक्यांचा फलक ‘झीरो बोर्ड’ या नावाने मागावा लागतो. नव्या मालाइतकेच महत्त्व जुन्या मालाला असे. निकामी रेडिओतील कर्णा, रोहित्र, फेराइटची कांडी, स्वरपातळी बदलण्याचे फिरते रोधक आणि लाकडी पेटी हे सर्व वाद्यात कामी येते. पुण्याचा जुना बाजार व मुंबईचा चोर बाजार यांचे हौशी कारागिरांना असलेले आकर्षण यामुळेच होय.

शहरापासून दूरच्या गावी हा प्रश्न अधिक बिकट होतो. धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. हा सर्व जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यानंतर तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात राहिला. राज्यकारभाराचे केंद्र हैदराबादेहून मुंबईस गेले, तरी दोन्ही शहरे गावापासून लांबच राहिली. अशा गावाला नेहमीचे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी, सोलापुरात किंवा लातुरात मिळतात. विशेष भागासाठी पुणे, मुंबई वा हैदराबाद गाठावे लागते. एका मंडलात चाळीस भाग लागत असतील व एकोणचाळीस हाती असतील, तर ते मंडल मुळीच चालत नाही. म्हणून गावात बसून बांधणाऱ्याला पहिली विद्या अवगत करावी लागते ती पर्यायी भाग शोधण्याची. दोन रोधक एकापुढे एक जोडून तिसऱ्याचे मूल्य साधणे, एका क्रमांकाच्या ट्रँझिस्टरऐवजी समान गुणधर्मांचा दुसरा बसविणे व त्याच्या पायांचा क्रम तपासून घेणे, गुंडाळीची तार जुन्या रोहित्रातून सोडवून घेणे या गोष्टी कोणत्याही छापील रचनेत सांगितलेल्या नसतात. त्या हाताखाली शिकाव्या लागतात.

ज्ञानाचा प्रसार : मंडलरचनांचे ज्ञान प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिकांतून आले. दिल्लीचे इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू हे मासिक १९६९ मध्ये सुरू झाले. त्यातील रचना भारतात मिळणाऱ्या भागांवर आधारलेल्या असत, हा त्याचा मोठा गुण. एलेक्टरची भारतीय आवृत्ती १९८३ पासून मुंबईहून निघू लागली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील रेडिओ व दूरचित्रवाणी दुरुस्तीच्या अभ्यासक्रमाने डाख देण्याचे, दोष शोधण्याचे व मापकयंत्र वापरण्याचे कौशल्य तालुक्यांपर्यंत पोहोचविले. या तिन्ही मार्गांनी येणारे ज्ञान विद्युत् मंडलांचे होते, स्वरांचे नव्हते. स्वर तपासण्यासाठी कारागिराला एखाद्या गायकाच्या किंवा वादकाच्या कानाची मदत घ्यावी लागे. चांगली वाद्ये निपजली ती बहुधा ही दोन प्रकारची माणसे एकत्र आली तेथे, किंवा दोन्ही गुण एकाच व्यक्तीत असले तेथे.

रचना : बहुतेक साध्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांत चार घटक असतात. आंदोलक हा ठरावीक कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) विद्युत् तरंग निर्माण करतो. छानक त्यातील काही उपस्वर कमी करून आवाजाचा पोत बदलतो. आकारनियंत्रक स्वराचा उठाव व ऱ्हास ठरवितो. विवर्धक या तरंगास कर्णा हलविण्याइतकी शक्ती देतो. आंदोलकासाठी १९७२ मध्ये बाजारात आलेले ५५५ क्रमांकाचे संकलित मंडल हौशी मंडळींच्या विशेष आवडीचे ठरले. दोन रोधक व एक धारित्र जोडले की ते स्वर देऊ लागते. परंतु त्याची कंप्रता या बाह्य भागांच्या मूल्यांवर अवलंबून असते आणि ती मूल्ये तापमानानुसार बदलतात. स्वस्त चकतीच्या आकाराच्या सिरॅमिक धारित्रात हा बदल मोठा असतो. पॉलिस्टायरिन वा पॉलिएस्टर धारित्रात तो पुष्कळ कमी असतो. उन्हाळ्यात दुपारी ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या व पहाटे बरेच थंड होणाऱ्या मराठवाड्यात सकाळी मिळविलेले वाद्य दुपारी उतरते किंवा चढते, याचे कारण बहुधा हे धारित्र असते.

श्रुतींचा प्रश्न : १९७० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य इलेक्ट्रॉनिक ऑर्गनसाठी एकाच संकलित मंडलातून सप्तकातील सर्व स्वर देणारी योजना निघाली. मॉस्टेक कंपनीचे एमके ५०२४० हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. सु. २० लक्ष हर्ट्‌झ कंप्रतेच्या एका मूळ आंदोलनास २३९ पासून ४७८ पर्यंतच्या तेरा पूर्णांकांनी भागून ते षड्जापासून तार षड्जापर्यंतचे स्वर तयार करते. यांतील भाजक समविभागी सप्तकासाठी निवडलेले व मंडलातच कोरलेले असल्याने वापरणाऱ्यास ते बदलता येत नाहीत. षड्जासाठी ४७८ व शुद्ध गांधारासाठी ३७९ हे भाजक येतात. त्यामुळे हा गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सु. १५ सेंटने (सप्तकाच्या १,२०० भागांपैकी १५ भागांनी) चढा राहतो.

हा फरक कानाला कसा जाणवतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. षड्ज २४० हर्ट्‌झ धरल्यास स्वयंभू गांधार ३०० व समविभागी गांधार सु. ३०२.४ हर्ट्‌झ येतो. षड्जाचा पाचवा उपस्वर १,२०० हर्ट्‌झचा असतो व स्वयंभू गांधाराचा चौथा उपस्वरही नेमका तेवढाच असल्याने दोघे मिसळून जातात. समविभागी गांधाराचा चौथा उपस्वर मात्र सु. १,२०९.५ हर्ट्‌झ असतो. त्यामुळे सेकंदाला नऊ-दहा वेळा आवाज कमीजास्त होऊन स्वर थरथरतो. पंचमाच्या बाबतीत हा दोष सेकंदाला एका लाटेहूनही कमी असल्याने तो सहसा खटकत नाही.

यावरचा उपाय त्याच तत्त्वात दडलेला आहे. भाजक आपणच निवडावयाचे ठरविले, तर सामान्य मोजणीमंडलांतून स्वयंभू प्रमाणांचे सप्तक अचूक मिळविता येते. षड्जासाठी ७२० हा भाजक घेतल्यास ऋषभ ६४०, गांधार ५७६, मध्यम ५४०, पंचम ४८०, धैवत ४३२, निषाद ३८४ व तार षड्ज ३६० असे सर्व भाजक पूर्णांकी येतात आणि ९/८, ५/४, ४/३, ३/२, ५/३ व १५/८ ही प्रमाणे काटेकोरपणे साधतात. षड्ज २४० हर्ट्‌झ हवा असल्यास मूळ आंदोलक १,७२,८०० हर्ट्‌झवर ठेवावा लागतो. धैवताचे प्रमाण ५/३ ऐवजी २७/१६ हवे असल्यास सर्व भाजक तिप्पट करावेत. २,१६० च्या षड्जाला १,२८० हा धैवताचा भाजक येतो. ४,०९६ पर्यंत मोजणारे ४०४० क्रमांकाचे स्वस्त संकलित मंडल व काही डायोड एवढ्यावर प्रत्येक स्वराचा भाजक बसविता येतो. या योजनेचा दुसरा लाभ असा की सर्व स्वर एकाच आंदोलकापासून निघतात. उष्णतेने तो आंदोलक ढळला, तरी सगळे वाद्य एकदम चढते किंवा उतरते; स्वरांतील परस्परांतर बिघडत नाही. गायकाची पट्टी बदलल्यास एकच फिरता रोधक फिरवून सर्व वाद्य नव्या षड्जावर नेता येते. षड्ज सतत बदलणाऱ्या पाश्चात्त्य संगीतास ही रचना गैरसोयीची आहे. एका अचल षड्जावर उभ्या असलेल्या भारतीय संगीतास मात्र ती सोयीची ठरते.

अर्थात सर्व रागांना एकच स्थिर सप्तक पुरते असे नाही. एन. ए. जयराजभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत प्रत्यक्ष वादनातील स्वरस्थाने बरीच हलती असल्याचे आढळले होते. फ्रेंच अभियंता बर्नार्ड बेल यांनी जेम्स आर्नल्ड यांच्या सहकार्याने १९७९–८० च्या सुमारास एक सेंटपर्यंत स्वर लावता येणारी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी बांधली. पुढे गायनातील स्वरांची वाटचाल आलेखित करणारे त्यांचे यंत्र मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत संशोधनासाठी वापरण्यात आले. यांत्रिक पेटीच्या क्षेत्रात विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करून देवलांचाच प्रश्न नव्याने हाताळला.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा : हौशी व व्यावसायिक बांधणीचा सर्वांत यशस्वी संगम या वाद्यात झाला. बंगलोरचे अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास अशी वाद्ये बनविण्यास प्रारंभ केला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या रॅडेल या कंपनीची वाद्ये देशभर पसरली. तंबोऱ्याचे स्वर तीन-चारच असल्याने आंदोलकांचे काम सोपे असते. अवघड असते ती जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की घोडीच्या वक्र पृष्ठावर तार टेकत-सुटत असल्यामुळे, जे उपस्वर सामान्य तारेत त्या छेडण्याच्या जागेमुळे उमटू नयेत, तेही तंबोऱ्यात उमटतात. विद्युत् मंडलात याचे अनुकरण करावयाचे झाल्यास तरंगाचा आकार महत्त्वाचा ठरतो. निम्मा काळ चालू व निम्मा काळ बंद असा चौकोनी तरंग घेतल्यास त्यात केवळ विषम क्रमांकांचे उपस्वर असतात व आवाज पोकळ येतो. चालू काळ अगदी अरुंद केल्यास सम-विषम दोन्ही प्रकारचे उपस्वर दूरवर मिळतात आणि छानकाने त्यांना हलके वळण दिल्यास जवारीचा आभास होतो. ४०१७ क्रमांकाचे दहा पायऱ्यांचे मोजणीमंडल तारा छेडण्याचा क्रम सांभाळते. पुढे खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनी स्मृतिमंडलात साठवून तोच पुनःपुन्हा ऐकविणारी यंत्रे आली. त्यांचा आवाज मूळ वाद्याच्या अधिक जवळ गेला. परंतु त्यांची अंतर्गत रचना पाहून तिसऱ्या कोणास काही शिकता येईल, अशी राहिली नाही.

बेंजो : महाराष्ट्रातील लोकसंगीतात विद्युत् जोडणीचे सर्वांत व्यापक उदाहरण बेंजोचे आहे. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताईशोगोतो या वाद्यापासून भारतातील बुलबुलतरंग निघाला. महाराष्ट्रात त्यालाच बेंजो म्हणतात. कायमचुंबकाभोवती बारीक इनॅमल तार गुंडाळून केलेला ग्राहक पोलादी तारांखाली बसविला की तारांच्या कंपनांबरोबर त्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो व तो विवर्धकाकडे नेता येतो. वरात, गणेशोत्सव व जयंतीच्या मिरवणुकांत बेंजो पथके लोकप्रिय झाली. १९८५ मध्ये निघालेले रोलँडचे ऑक्टापॅड हे आघाताने वाजणारे यंत्रही पुढे त्यांत सामील झाले. सभागृहाबाहेरच्या संगीतातील हे कारागीर आपली रचना लिहून ठेवीत नाहीत. तारेचे वेढे किती, चुंबक कोणता आणि विवर्धकाच्या आधी कोणती जोडणी केली, हे एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

भागांचा लोप : पारंपरिक वाद्य दुरुस्त करणाऱ्यास भोपळा, लाकूड व तार केव्हाही मिळू शकते. संकलित मंडलाचे तसे नाही. कारखान्याने उत्पादन थांबविले की ते मंडल वापरणारी सर्व वाद्ये हळूहळू निकामी होण्याच्या वाटेस लागतात. एमके ५०२४० याच मार्गाने गेले. आरसीए कंपनीने १९६९ मध्ये आणलेले सीए ३०८० हे स्वरसंश्लेषकांतील अत्यंत उपयुक्त विवर्धकमंडल बंद झाल्यावर त्याच्या नावाने दुसरेच काही विकले जाऊ लागले. तीन पायांचे व ६४ स्वरांची एक धून वाजविणारे यूएम ६६ हे स्वस्त मंडल दारावरच्या घंट्यांतून घरोघरी पोहोचले होते. कित्येकांनी आपले पहिले ‘वाद्य’ त्यावरच बांधले. उलट दिशेची उदाहरणेही आहेत. कर्टिस कंपनीचे सीईएम ३३४० हे आंदोलकमंडल मागणी टिकून राहिल्याने २०१६ मध्ये पुन्हा बनविण्यात आले. सुज्ञ कारागीर म्हणून शक्यतो अनेक कारखाने बनवितात तेच भाग निवडतो. ५५५ व ४०४० ही मंडले पन्नास वर्षांनंतरही मिळतात. म्हणून त्यांवर बांधलेला तंबोरा नातवालाही दुरुस्त करता येईल.

सद्यःस्थिती : अर्डुइनो (२००५) सारख्या लहान संगणकीय फलकांमुळे वर दिलेली सर्व भाजकयोजना काही ओळींच्या आज्ञावलीत बसविता येते. जर्मनीतील डीटर डोप्फर यांनी १९९५–९६ मध्ये रूढ केलेल्या यूरोरॅक या मापाच्या खंडयुक्त स्वरसंश्लेषकांनी हौशी बांधणीस जगभर नवी चालना दिली. मुंबईतील ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन यांसारख्या लहान उत्पादकांची यंत्रे परदेशांतही जातात. सुटे भाग टपालाने थेट गावात येत असल्याने बेंबळीतील व लॅमिंग्टन रोडवरील ग्राहकांमधील अंतर बरेच कमी झाले आहे. तंबोरा व श्रुतिपेटी यांची जागा भ्रमणध्वनीतील विनामूल्य आज्ञावलींनीही घेतली आहे.

या बदलाचा ताण मिरजेच्या कारागिरांनाही सोसावा लागला. रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तंबोरा पुरेसा मानला जाऊ लागल्याने खऱ्या तंबोऱ्याची गरज मैफलीपुरती आकसत गेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यामुळे त्या परंपरेची अधिकृत नोंद झाली. हौशी इलेक्ट्रॉनिक बांधणीच्या वाट्याला अशी नोंद आलेली नाही. जुनी तंतुवाद्ये संग्रहालयांत जपली जातात. परंतु झीरो बोर्डावर जुळविलेली श्रुतिपेटी किंवा हाताने गुंडाळलेला बेंजोचा ग्राहक बिघडला की भंगारात जातो आणि त्याबरोबर तो बांधणाऱ्याने शोधलेली पर्यायी जोडणीही नाहीशी होते. वाद्य जपणे शक्य नसेल तेथे निदान त्याची मंडलाकृती, भागांची यादी व लावलेल्या स्वरांची प्रमाणे लिहून ठेवली, तर ते वाद्य पुन्हा बांधता येते. पारंपरिक वाद्याबाबत ही सोय नाही, कारण जवारी कागदावर उतरविता येत नाही. इलेक्ट्रॉनिक वाद्याबाबत ती आहे. ती वापरली जाणे तेवढे बाकी आहे.